ळ वरून सांग

आमच्या धंद्यात ‘पाहुणा’ म्हणतात तो प्रकार आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून सुरू झालं. निदान मी तसं धरून चाललो होतो. काय कुठून सुरू झालं हे ठरवण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे या बाबतीत मी जरा जपून बोलतो.

मी रुग्णालयाच्या तळमजल्यावर बसतो. वरच्या मजल्यांवर माणसाच्या आतून काढलेला तुकडा खाली आमच्याकडे येतो, मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो, आणि त्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढून ते काचेवर चढवतात. काचेवर चढण्याआधी काप कोमट पाण्याच्या भांड्यात तरंगत सोडतात, म्हणजे त्याच्या सुरकुत्या जातात. भांडं नीट धुतलेलं नसलं की आधीच्या माणसाचा एखादा कण पाण्यात राहतो आणि पुढच्या माणसाच्या काचेवर जाऊन बसतो. तो पाहुणा. तो ओळखता आला नाही तर धडधाकट माणसाला कर्करोग झाल्याचं कळवलं जाऊ शकतं. आमच्याकडे असं एकदाही झालेलं नाही. म्हणजे, झाल्याचं कळलेलं नाही.

काप काढतात त्या मोठ्या बाई. उंची जेमतेम पावणेपाच फूट, पण तेवीस वर्षं त्या एकाच यंत्रापाशी बसल्यामुळे मोठ्या. माझ्याहून एक वर्ष आधी नोकरीला लागल्या, आणि ते एक वर्ष त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही.

“बाई, आज पाहुणे आलेत,” मी म्हणायचो.

“माझ्याकडे नाहीत, साहेब. तुमच्या चष्म्यावर बसले असतील.”

दुसरा माणूस सर्जन. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तेव्हापासून त्याला सगळे ‘सुतार’ म्हणतात, आणि त्यालाही त्यात कौतुकच वाटतं. तो रोज दुपारी माझ्या दारात उभा राहून दोनच शब्द विचारतो.

“वर की खाली?”

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे आतून एक वाकडीतिकडी रेघ असते. रेघेच्या वरचं अस्तर फिकट, खालचं लालसर. गाठ वर असली की अन्ननलिकेची, खाली असली की जठराची, इथपर्यंत शाळकरी पोरालाही कळेल. पण काही गाठी नेमक्या रेघेवर बसतात. दोन ठाण्यांच्या हद्दीवर सापडलेल्या मुद्देमालासारखं होतं मग: दोन्ही ठाणी म्हणतात, तुमचा. वरची असेल तर छाती आणि पोट दोन्ही उघडून अन्ननलिका काढायची. खालची असेल तर नुसतं पोट उघडून भागतं. चुकलं तर शेंडा निघतो आणि मूळ आत राहतं. आमच्या छापील फॉर्मवर त्यासाठी एक रकाना आहे: मूळ स्थान. बावीस वर्षं मी तो रकाना भरतोय.

तर यंदा वर्षाच्या सुरुवातीला एका बसचालकाची स्लाइड आली. गाठ रेघेवर. चालकाचा तुकडा काचेच्या मधोमध होता, आणि कोपऱ्यात, एकटाच, मोहरीएवढा एक ठिपका. मी तो लेन्सखाली घेतला. अस्तराची एक सरळ रेघ, आणि त्या रेघेखाली लोंबणारी एक ग्रंथी. शेजारी शेजारी दोन गोल पोटं, आणि दोघांच्या मधून वर रेघेपर्यंत गेलेला देठ.

ळ.

अगदी पाटीवर गिरवावा तसा ळ.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पोरांना ढगात हत्ती दिसतो, आम्हाला पेशींमध्ये काय वाट्टेल ते दिसतं. मी मासे पाहिलेत, बदकं पाहिलीत, एकदा एका मूत्रपिंडात आमच्या आधीच्या अधीक्षकांचं नाक पाहिलंय. पाहुण्याच्या पेशी मात्र बऱ्या नव्हत्या. कर्करोग म्हणता येणार नाही, पण एकच पायरी अलीकडे. कोणाचा तरी तुकडा पाण्यात राहिला होता.

खटकली ती एकच गोष्ट. मायक्रोस्कोप सगळं उलटं दाखवतो, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. मला ळ सरळ दिसत होता, याचा अर्थ काचेवर तो उलटा होता. डोळा लावून पाहणाऱ्याला सरळ वाचता यावा अशा बेताने कोणीतरी तो ठेवला होता, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो काढून टाकला. कोणी ठेवलेला नव्हता. तो पाण्यातून आला होता.

“बाई, भांडं.”

“धुतलंय.”

“पुन्हा धुवा.”

बाईंनी माझ्यादेखत धुतलं. इतकं खणखणीत आपटून, की शेजारच्या रक्ततपासणीतली मुलगी डोकावून गेली.

तीन आठवड्यांनी एका निवृत्त शिक्षिकेच्या स्लाइडवर तोच ळ. त्याच कोपऱ्यात, तसाच सरळ. त्यानंतर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या स्लाइडवर. मी पातं बदलायला लावलं, पाणी बदलायला लावलं, भांडंच नवं आणलं. ठोकळ्यातून दुसरा काप काढला की त्यात काही नसायचं. तिन्ही रुग्णांची गाठ रेघेवर होती, आणि तिन्हींचं मूळ मी ठरवायचं होतं. मी त्या तीन स्लाइडवर हिरवा ठिपका लावला आणि खणात ठेवल्या. कशासाठी, ते विचारू नका. कागद फाडून टाकवत नाहीत अशी माणसं असतात, त्यातला मी.

मग वहिनीचा फोन आला.

“भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. दोन महिने झाले, घास अडकतो. पाण्याने ढकलतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की हसण्यावारी नेतात.”

“काय म्हणतो?”

“म्हणतात, घशात ळ अडकलाय. धाकट्याला सांग, त्याला कळेल.”

मी खुर्चीत नीट बसलो.

हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि दादा छापखान्यात जुळारी म्हणून लागला. शिशाचे खिळे एकेक करून ओळीत लावायचे, सगळी अक्षरं उलटी. उलटं वाचायला मी त्याच्याकडून शिकलो. पुढे मायक्रोस्कोपला इतरांना सरावायला महिना लागला, मला एक दुपार पुरली. रात्री जेवताना तो माझ्याशी शब्दांचा खेळ खेळायचा. एकाने शब्द सांगायचा, दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा. मी म्हणायचो, कमान. तो म्हणायचा, नितळ. मी म्हणायचो, तोफ. तो म्हणायचा, फळ. आणि घास चावत माझ्याकडे बघत राहायचा.

“ळ वरून सांग.”

ळ वरून एकही शब्द सुरू होत नाही. तो मधे येतो, शेवटी येतो, सुरुवातीला कधीच नाही. मी चिडायचो, ताट सरकवायचो. दादा म्हणायचा, माझ्या नावाच्या शेवटीच ळ आहे, माझा त्याच्यावर हक्क आहे. आणि खेळाचा नियमही त्याचाच: हरलेल्याने पुढचा डाव सुरू करायचा, तोही स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराने. त्यामुळे आमच्या घरात बहुतेक डाव माझ्या अक्षराने सुरू व्हायचे आणि त्याच्या अक्षराने संपायचे.

दादाला आणलं. सुताराने दुर्बीण घातली. गाठ रेघेवर होती आणि इतकी फुगलेली, की दुर्बीण पुढे जाईना. जेमतेम चार कण निघाले.

आपल्या माणसाच्या स्लाइड आपण पाहायच्या नाहीत असा आमच्याकडे दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. माझ्या हाताखालच्या धाकट्या मॅडमनी त्या पाहिल्या. दोन दिवस त्या माझी नजर चुकवत होत्या. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट टेबलावर ठेवला. कर्करोग. आणि त्या रकान्यात: मूळ स्थान सांगता येत नाही.

“सगळे विशेष रंग लावून पाहिले, सर,” त्या म्हणाल्या. “वरच्यालाही लागतात, खालच्यालाही लागतात. शेजारचं निरोगी अस्तर एक कणभरही आलेलं नाही. मी तरी कशावरून सांगू?”

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हणालो. बरोबरच होतं.

दुपारी सुतार आला. या वेळी दारात उभा राहिला नाही. आत येऊन बसला.

“तुझ्या भावाचं उजवं फुफ्फुस बघितलंस? अर्धं निकामी. लहानपणीचं काही दुखणं, वर तीस वर्षं शिसं. छाती उघडली तर टेबलावरच दगावू शकतो तो. नक्की वरचं आहे असं कळल्याशिवाय मी उघडणार नाही.”

“आणि खालून केलंस तर?”

“खालचं असेल तर उत्तम. वरचं असेल तर मूळ राहील. मग वर्ष, दीड वर्ष.” तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. “सोमवारी टेबल ठेवलंय. तोपर्यंत सांग. वर की खाली?”

तो गेल्यावर मी दंडक मोडला. दादाची स्लाइड लावली.

छापखान्यात कधी खिळ्यांचा खण हातातून उपडा व्हायचा. जमिनीवर एकाच अक्षराचा ढीग: आडवे, उताणे, तुटके, एकमेकांवर चढलेले. शाळा सुटल्यावर ते वेचायचं काम माझ्याकडे असायचं. दादाच्या स्लाइडवर तोच ढीग होता. दोन पोटांच्या ग्रंथी, देठ मोडलेल्या, एकीत एक घुसलेल्या, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सगळे ळ.

मी खणातून हिरव्या ठिपक्याच्या तीन स्लाइड काढून शेजारी ठेवल्या. तीच केंद्रकं, त्याच पेशी, फक्त एक पायरी अलीकडच्या. त्या तीन लोकांचे तुकडे आमच्याकडे आले तेव्हा दादाच्या घशात आमच्या रुग्णालयाची तर सोडाच, कोणाचीच दुर्बीण गेली नव्हती.

मान वर केली तर बाई दारात उभ्या होत्या. हातात चपलांचा जुना खोका.

“साहेब, नोकरीवरून काढणार असाल तर निवृत्तीला सात महिने राहिलेत, तेवढं धरून काढा,” त्या म्हणाल्या.

“काय झालं?”

“तो पाहुणा यंदाचा नाही.”

त्यांनी खोका टेबलावर ठेवला. आत कापसात गुंडाळलेल्या स्लाइड, आणि एक शाळकरी वही.

“काच रंगवून झाली की मी माझ्या छोट्या मायक्रोस्कोपखाली एकदा बघते, रंग नीट बसलाय का म्हणून. त्यात दिसायचा. मला वाटलं, माझंच पाणी. नवीन होते, कोणाला सांगणार? ती काच बाजूला ठेवायची, दुसरा काप काढून तुमच्याकडे पाठवायची. यंदा डोळ्यात मोतीबिंदू वाढला. तीन सुटले हातून.”

“किती आहेत?”

“तुमचे तीन धरून बावीस. वर्षाला एक, कधी वर्ष कोरडं जायचं. बाकी कोणत्या साहेबांच्या कामात नाही हो आला कधी. तुमच्याच. आणि तेही रेघेवरच्याच गाठीत.”

वहीत तारखा होत्या, नंबर होते, आणि प्रत्येक ओळीपुढे बाईंच्या वळणदार अक्षरात ‘पाहुणा’. माझा राग कुठे गेला कोण जाणे. त्या बाईंनी बावीस वर्षं ती भीती एकटीने खोक्यात सांभाळली होती, आणि मी त्यांना वर भांडं धुवायला सांगत होतो.

“बसा,” मी म्हणालो.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन टेबलावर पडलं होतं. शेजारच्या खोलीत कोणीतरी रेडिओवर बातम्या ऐकत होतं. मी शेवटच्या स्लाइडपासून उलटा निघालो.

मागे जावं तसा ळ बरा होत गेला.

पाच वर्षांपूर्वीच्या काचेवर त्याच्या वरचं अस्तर बदललेलं होतं, पण पेशी शांत होत्या. दहा वर्षांपूर्वी ते बदल तुरळक ठिपक्यांसारखे. पंधरा वर्षांपूर्वी नुसती सूज. माणसाचा आल्बम शेवटून चाळत जावं आणि पांढरे केस काळे व्हावेत, तसं. बावीस काचा, आणि बावीसच्या बावीस ळ सरळ. एकही वाकडा नाही.

शेवटची काच माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यातली होती.

मी ती लावली.

निखळ, निरोगी अस्तर. चटया एकावर एक रचाव्यात तसं, फिकट. असं अस्तर अन्ननलिकेचं असतं, जठराचं नसतं. त्याच्याखाली दोन पोटांची ग्रंथी, आणि तिची नळी देठासारखी वर आलेली. अशी ग्रंथी अन्ननलिकेच्या खालच्या थरात असते. जठरात ती शोधूनही सापडत नाही. विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो: ती नळी दिसली की ती जागा अन्ननलिका, वाद संपला.

म्हणजे अक्षर हाच पुरावा होता.

मी बराच वेळ डोळा काढला नाही. माझ्याजागी दुसरा कोणी असता तर त्याने हेच म्हटलं असतं की थकलेल्या माणसाला, भाऊ आजारी असताना, हवं ते दिसतं. मीही तेच म्हटलं असतं. फक्त मला हवं होतं ते ‘खाली’. छाती उघडायला लागू नये, एवढंच मला हवं होतं.

“बाई, तुम्हाला काय दिसतं?” मी उठून त्यांना खुर्ची दिली.

त्यांनी दुखरा डोळा मिटून दुसरा लावला.

“हेच की,” त्या म्हणाल्या. “ळ.”

संध्याकाळी मी दादाच्या खोलीत गेलो. तो खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत होता. छापखाना बंद झाल्यावर तो मुद्रितं तपासायचा, ती सवय.

“काय म्हणतो माझा ळ?” त्याने विचारलं.

“दादा, छाती उघडावी लागेल. धोका आहे. नुसतं पोट उघडलं तर धोका नाही, पण मग ते आत राहील असं मला वाटतं.”

“वाटतं की वाचलंस?”

“वाचलंय.”

“उलटं की सरळ?”

“सरळ.”

“मग झालं तर. उघडू दे.” त्याने पेन्सिल कानावर ठेवली. वहिनी पलंगाच्या पायाशी बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहिलं. “तुझ्या पहिल्या पुस्तकापासून मी तुला वाचायला शिकवलंय,” दादा म्हणाला. “आता चुकलास तर चूक माझीच. तिला तसं सांगून ठेवतो.”

सुताराला मी फोनवर सांगितलं.

“वर.”

“पुरावा?”

“जुनी स्लाइड आहे. निरोगी अस्तर आहे, खाली ग्रंथी आहे.”

“जुनी? त्याची आधी तपासणी झाली होती?”

मी उत्तर दिलं नाही. त्याने ते ‘हो’ धरलं. माणसं आपल्याला हवं ते धरतात, यावर माझा अख्खा व्यवसाय उभा आहे.

सोमवारी सकाळी आठला दादाला आत नेलं. मी माझ्या खोलीत बसून होतो, वहिनी बाहेरच्या बाकावर. मी तिच्याशेजारी बसायला हवं होतं. पण तिने विचारलं असतं, भावजी, कशावरून ठरवलंत? एका अक्षरावरून, हे मला सांगता आलं नसतं. दुपारी तीनला जे काढलं ते खाली आलं: खुणेसाठी लांब दोरा वरच्या टोकाला, आखूड खालच्या. धाकट्या मॅडमनी ते उभं चिरलं, उघडलं आणि वाकून पाहिलं. मी दारातून बघत होतो.

“सर,” त्या म्हणाल्या, “वरचंच आहे. रेघेच्या चार सेंटिमीटर वर सुरू झालंय. रेघेवर नुसता पसारा ओघळलेला. खालून गेले असते तर मूळ राहिलंच असतं.”

त्यांनी रकाना भरला. मूळ स्थान: अन्ननलिका.

दादा टेबलावर दगावला नाही. दोन दिवस यंत्राच्या श्वासावर होता, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या. चौथ्या दिवशी सुतार माझ्या दारात आला.

“ती जुनी स्लाइड कुठली रे? फायलीत तर काहीच नाही त्याच्या.”

“आमच्याकडे होती.”

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाला, आणि गेला. त्यानंतर तो ‘वर की खाली’ विचारतो तेव्हा आधी थोडा थांबतो.

दोन तुकडे एकाच माणसाचे आहेत का हे सांगणारी तपासणी असते. बाहेर पाठवावी लागते. मी फॉर्म भरला, पहिल्या महिन्यातली काच आणि दादाचा ठोकळा एका पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. ते अजून माझ्या खणात आहे. उत्तर ‘नाही’ आलं तर मी एका अक्षरावर भावाची छाती उघडायला लावली असं ठरतं. आणि ‘हो’ आलं तर काय ठरतं, यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

बाईंनी त्याच काळात रजा घेऊन मोतीबिंदू काढून घेतला. परत आल्या त्या सगळ्यांना त्यांच्या सुरकुत्या सांगत. “तुम्ही इतके म्हातारे दिसता हे कोणी बोललं नव्हतं मला,” मला म्हणाल्या.

अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी वर गेलो तेव्हा दादा उशांना टेकून बसला होता. आवाज कागदासारखा पातळ झाला होता. वहिनी चमच्याने पाणी पाजत होती आणि तो ते गिळत होता. एका दमात, न अडकता. मी दारातच उभा राहून तीन चमचे मोजले.

“गेला ना ळ?” मी म्हणालो.

“गेला. सुटलो.” तो हसला, छातीच्या टाक्यांवर हात धरून. “चल, एक डाव. तू सांग.”

“दादा, बोलू नकोस जास्त.”

“एक शब्द. सांग.”

“काम,” मी म्हणालो.

त्याने क्षणभर डोळे मिटले. “मूळ.”

वहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी.

“ळ वरून सांग,” दादा म्हणाला.

“हरलो.”

“मग आता तुझ्या अक्षरापासून.” आणि तो एकदम थकून मागे टेकला, झोपला. चेहरा इतका निवांत, की मी उगाच त्याची नाडी पाहिली. उत्तम होती.

मी खाली आलो. टेबलावर सकाळचं ताट ठेवलेलं होतं, आठ स्लाइड. पाचवी एका माळ्याची, गाठ रेघेवर. माळ्याचा तुकडा मधोमध होता.

कोपऱ्यात एक ठिपका होता.

मी लेन्स फिरवली. फिकट, चटईसारखं अस्तर. निरोगी. एकही पेशी वावगी नाही. इतकं सुंदर अस्तर मी विद्यार्थ्यांना दाखवायला शोधत असतो. त्याच्या सरळ रेघेखाली एकच ग्रंथी लोंबत होती.

ळ नव्हता.

दुसरं अक्षर होतं. सरळ, वाचता येईल असं. माझं नाव या गोष्टीत कुठे आलेलं नाही आणि आता यायचंही नाही. त्याची सुरुवात त्या अक्षराने होते, एवढंच.

मी मनाशी हिशेब केला. बावीस वर्षं, बावीस पाहुणे. बाविसावा येईल तेव्हा मी पंच्याहत्तर वर्षांचा असेन. पंच्याहत्तर काही वाईट नाही. माझा आवाज बऱ्यापैकी स्थिर असावा.

“बाई, वही आणा. पाहुणा आलाय.”

बाई वही घेऊन आल्या, पण दारातच थांबल्या.

“नवं पान काढा,” मी म्हणालो. “हा ळ नाही. ह्याला पहिला लिहा.”

त्यांनी वही उघडली. नवं पान आधीच काढलेलं होतं. त्यावर चार ओळी भरलेल्या होत्या.

“भाऊ आजारी होता तुमचा, म्हणून बोलले नाही,” बाई म्हणाल्या. “हा पाचवा, साहेब. ह्या सोमवारपासूनचा.”